ग्रेन (फिल्मचा दाणेदार पोत) मूळचा, कॉम्प्रेशनचा की डीएनआर (डिजिटल नॉइज रिडक्शन, दाणे पुसणारा फिल्टर) मारून उरलेला? कसं ओळखायचं?

अर्धीफ्रेम:

एकाच चित्रपटाच्या तीन आवृत्त्या ताडून पाहतोय आणि तिन्ही तीन तऱ्हेच्या दिसतात. चित्रीकरण १९८० च्या दशकातलं, ३५ मिमी कलर निगेटिव्हवर.

जुन्या ब्लू-रेवर चेहरे गुळगुळीत आहेत, ग्रेन जवळजवळ नाहीच, पण कडा नको तेवढ्या टोकदार. काळ्या कोटाच्या खांद्यालगत, आकाशासमोर, बारीक पांढरी रेघ दिसते. नव्या ४के डिस्कवर ग्रेन भरपूर. आकाश आणि राखाडी भिंती अक्षरशः वळवळतात. स्ट्रीमिंगवर तिसराच प्रकार: स्थिर दृश्यात ग्रेन थिजतो आणि मध्येच दचकल्यासारखा हलतो.

टीव्ही ५५ इंची ४के, बसायचं अंतर साधारण अडीच मीटर. टीव्हीचं नॉइज रिडक्शन 'मध्यम'वर नेलं की ४के डिस्कची वळवळ थांबते. पण मग पात्राने मान वळवली की चेहऱ्यावरचा तपशील पुसला जातो आणि मान थांबली की परत येतो.

यातलं मूळ फिल्मवर काय होतं आणि नंतर कोणी काय केलं, हे घरबसल्या ओळखता येतं का? गुळगुळीत ब्लू-रे म्हणजे डीएनआरच, की लेन्स मुळातच मऊ असू शकते? आणि टीव्हीचं सेटिंग काय ठेवावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिळवाला:

तिन्ही लक्षणांची कारणं वेगळी आहेत. स्ट्रीमिंगचं बिटरेटवाले सांगतील, मी ब्लू-रेपासून सुरू करतो.

कलर निगेटिव्ह डेव्हलप होताना प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या प्रत्येक स्फटिकाभोवती रंगद्रव्याचा बारीक ढग तयार होतो. नंतर चांदी ब्लीच करून काढून टाकतात, ढग राहतात. स्कॅनमध्ये दिसतो तो ग्रेन म्हणजे हे ढग. चेहऱ्याची कड, पापणी, कापडाची वीण हे सगळं त्यांच्याच दाटी-विरळीतून उभं राहतं, म्हणून ग्रेन पुसायला गेलं की या गोष्टींना धक्का लागतोच. प्रत्येक फ्रेम हा फिल्मचा नवा तुकडा, त्यामुळे ग्रेनची मांडणी सेकंदाला २४ वेळा बदलते. शिवाय तीन रंगांचे थर वेगळे, त्यांचा ग्रेनही वेगळा. निळ्या चॅनेलमध्ये तो सगळ्यात जाड दिसतो.

डीएनआर दोन जातीचा. एक स्थानिक, म्हणजे एकाच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणारा. याने कातडीची छिद्रं, भुवयांचे केस आणि लांबच्या झाडांची पानं पहिल्यांदा जातात. दुसरा काळाच्या दिशेने चालणारा: मागच्यापुढच्या फ्रेम घेऊन सरासरी काढतो. चार फ्रेमची सरासरी घेतली की ग्रेन निम्म्यावर येतो आणि हललेलं काहीच नसेल तर तपशीलाला फारशी इजा होत नाही. गडबड हालचालीत होते. कुठला तुकडा कुठे सरकला याचा अंदाज चुकला की दोन क्षणांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. चांगला फिल्टर अशा जागी सरासरी थांबवतो, मग तिथे अचानक ग्रेन उगवतो. स्वस्त फिल्टर तिथे स्थानिक सरासरीवर उडी मारतो आणि चेहरा पुसट होतो. मान वळवताना तुमच्या टीव्हीवर होतंय ते हेच.

जुन्या ब्लू-रेवरची पांढरी रेघ म्हणजे डीएनआरनंतर मारलेलं शार्पनिंग. ग्रेन काढल्यावर चित्र मऊ पडलं, मग ते टोकदार दिसावं म्हणून कडा उचलल्या. लेन्समुळे किंवा डेव्हलपिंगमुळेही कडेला उजळ पट्टी येऊ शकते, पण ती वस्तूगणिक बदलते. इलेक्ट्रॉनिक रेघ सगळ्या फ्रेमभर सारख्याच पिक्सेल-रुंदीची असते. फक्त उभ्या कडांना असेल आणि आडव्यांना नसेल, तर जुन्या टेलिसिनेच्या (फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या यंत्राच्या) काळातला मास्टर, म्हणजे डिस्क बनवायची मूळ प्रत, वापरलाय असं समजायला हरकत नाही.

तपासायचं कसं: विराम द्या आणि एकेक फ्रेम पुढे जा. मध्यम उजेडाची सपाट जागा शोधा, राखाडी भिंत किंवा ढगाळ आकाश. दर फ्रेमला तिथला ग्रेन पूर्ण नवा दिसायला हवा. दोन-तीन फ्रेम तोच डाग तिथेच बसून राहिला, किंवा कॅमेरा सरकताना ग्रेन चित्राबरोबर सरकला, तर काळाच्या दिशेचा फिल्टर लागलेला आहे. मग चेहरा जवळून दाखवणारा एखादा शॉट घ्या, ज्यात पात्र आधी स्थिर आहे आणि नंतर वळतं. कपाळावरच्या केसांकडे लक्ष ठेवा.

या प्रकाराची बदनाम उदाहरणं म्हणजे 'प्रेडेटर'ची २०१० ची ब्लू-रे आणि 'पॅटन'ची २००८ ची. दुसरीचं जास्त वाईट वाटतं, कारण तो चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झालेला. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर ग्रेन मुळातच बारीक, काढायची गरजच नव्हती. २०१२ साली त्याची सुधारलेली डिस्क आली आणि गाळलेला तपशील परत दिसला.

बिटमोजणी:

स्ट्रीमिंगचं माझ्याकडे.

थिजणं आणि दचकणं हे कॉम्प्रेशनचं काम आहे, डीएनआरवर संशय नंतर घ्या. कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतो आणि फक्त उरलेला फरक साठवतो. भिंत हलत नाही म्हणून तिचा अंदाज फुकटात बसतो, पण भिंतीवरचा ग्रेन दर फ्रेमला नवा, त्याचा अंदाज कधीच बसत नाही. तो सगळा 'फरक' म्हणून उरतो. बिट कमी असले की एन्कोडर (दाबायचं काम करणारा प्रोग्राम) हा फरक शून्य करून टाकतो आणि ब्लॉक (चित्राचा चौकोनी तुकडा) जसाच्या तसा मागून उचलतो. झाला ग्रेन थिजला. पुढची कीफ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, तिच्यात ग्रेन ताजा येतो. हाच तो दचका.

दोन्हींत फरक करायची सोपी युक्ती: घड्याळ लावा. दचके ठरावीक तालात येत असतील तर ते कीफ्रेमचे. ब्लू-रेवर दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त एक सेकंद चालतो, कमाल बिटरेट १५ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आत ठेवला असेल तर दोन. स्ट्रीमिंगमध्ये हे अंतर सहसा याहून मोठं. डीएनआरला ताल नसतो, तो पडद्यावरच्या हालचालीच्या मागे धावतो. दुसरी खूण म्हणजे थिजलेल्या भागाची सीमा. कॉम्प्रेशनची सीमा सरळ चौकोनी असते. डीएनआरची सीमा वस्तूच्या आकाराने जाते.

आकडे डोळ्यांसमोर असू द्या. डीव्हीडीत चित्राला कमाल ९.८ एमबीपीएस, ब्लू-रेत ४०. दोन तासांचा चित्रपट ६६ जीबीच्या ४के डिस्कवर भरला तर सगळं मिळून सरासरी ७३ एमबीपीएस जागा असते, आवाज वजा केला तरी साठच्या पुढे. स्ट्रीमिंगला याच्या चतुर्थांशही मिळालं तर नशीब. त्यामुळे ग्रेनी चित्रपटाची तुलना स्ट्रीमिंगवरून करूच नये.

आणखी एक भानगड. एव्ही१ कोडेकमध्ये ग्रेन नकली बनवायची सोय आहे. एन्कोड करण्याआधी चित्रातला ग्रेन काढतात, तो किती जाड होता आणि कुठल्या उजेडात किती होता याची आकडेवारी सोबत पाठवतात, आणि तुमच्या घरचा डिकोडर ३२ बाय ३२ पिक्सेलच्या तुकड्यांनी नवा ग्रेन तयार करून वर पसरतो. बिट खूप वाचतात, दिसायलाही बरं दिसतं. पण त्या ग्रेनवरून मूळ निगेटिव्हबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चेहरा मेणासारखा आणि त्यावर ग्रेन मात्र एकसारखा, असं दिसलं की ही शक्यता धरा.

पडदापुराण:

टीव्हीबद्दल.

५५ इंची पडद्याची रुंदी साधारण १२२ सेंमी. भागिले ३८४०, म्हणजे एक पिक्सेल ०.३२ मिमीचा. सामान्य नजरेला तो सुटा दिसायला सुमारे १.१ मीटरवर बसावं लागेल. तुम्ही अडीच मीटरवर आहात. तिथून ४के स्कॅनचा बारीक ग्रेन हलक्या पोतासारखा जाणवायला हवा, वळवळायला नको. वळवळ दिसतेय म्हणजे कोणीतरी ग्रेन फुगवतंय, आणि बहुतेक वेळा तो टीव्हीचा शार्पनेस असतो.

म्हणून उलट्या क्रमाने जा. नॉइज रिडक्शन पूर्ण बंद. मग शार्पनेस. काही टीव्हींवर तटस्थ बिंदू ० असतो, काहींवर मध्यावर, त्यामुळे आकडा ऐकून लावू नका. राखाडी पार्श्वभूमीवर काळ्या रेघा असलेलं चाचणी-चित्र लावा, रेघेभोवतीची पांढरी कड नाहीशी होईपर्यंत खाली या. त्याखाली गेल्यावर रेघ पुसट व्हायला लागली तर एक पायरी परत वर. सुपर रिझोल्यूशन, रिअॅलिटी क्रिएशन, डिजिटल क्लीन व्ह्यू असल्या गोंडस नावांची जी काही बटणं सापडतील ती बंद. यातली काही शार्पनिंग करतात, काही डीएनआर, काही दोन्ही. फिल्ममेकर मोड असेल तर तिथून सुरुवात करा. २०१९ साली यूएचडी अलायन्सने जाहीर केलेल्या या मोडमध्ये मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग बंद असतात.

डिस्क प्लेअरचा मेनूही उघडून बघा. तिथेही नॉइज रिडक्शन दडलेलं असतं आणि टीव्हीचं बंद करून माणूस निर्धास्त होतो.

एमपीईजी नॉइज रिडक्शन हे वेगळं बटण आहे. ते ब्लॉकच्या कडा आणि अक्षरांभोवतीची माश्यांसारखी भुणभुण दाबतं. डिस्कसाठी बंदच हवं. कमी बिटरेटच्या स्ट्रीमिंगला 'कमी'वर ठेवलंत तर मी भांडायला येणार नाही.

रिळवाला:

पडदापुराण यांच्याशी सहमत, फक्त आकाशाबाबत एक भर. थिएटरची प्रिंट निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह फिल्मवर निघायची आणि त्या फिल्मचा कॉन्ट्रास्ट वक्र अगदी उजळ भागात सपाट होतो. आकाशातला ग्रेन तिथे आपोआप दबायचा. एचडीआर (उजेडाचा पल्ला जास्त असलेल्या) चित्राच्या ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड ठरवताना, निगेटिव्हमधला तोच उजळ भाग ताणून वर उचलतात, त्याबरोबर ग्रेनही उचलला जातो. म्हणून काही ४के डिस्कवर आकाश प्रिंटपेक्षा जास्त दाणेदार दिसतं. हा ग्रेडिंगचा निर्णय आहे, टीव्हीच्या बटणाने तो दुरुस्त होत नाही. त्याच डिस्कसोबत नव्या मास्टरवरून काढलेली ब्लू-रे असेल तर ती लावून बघा, तिथे आकाश शांत असेल.

अर्धीफ्रेम:

सर्वांचे आभार. शार्पनेस तटस्थ बिंदूवर आणल्यावर ४के डिस्कची वळवळ बरीच कमी झाली. आकाश अजून थोडं जिवंत आहे, भिंती ठीक. स्ट्रीमिंगचे दचके तालातच आहेत.

राहिला प्रश्न ब्लू-रेचा. लेन्स मऊ की डीएनआर, हे ४के डिस्क हाताशी नसताना कसं ठरवायचं?

रिळवाला:

ग्रेन फिल्मवर असतो, लेन्सला त्याचा पत्ता नसतो. फोकस चुकलेला असो, समोर जाळीचा डिफ्यूजन फिल्टर लावलेला असो, ग्रेन तेवढाच टोकदार राहतो. त्यामुळे मुद्दाम फोकसबाहेर ठेवलेली पार्श्वभूमी शोधा. ती मऊ असून तिच्यावर ग्रेन स्पष्ट असेल तर दोष लेन्सचा. पार्श्वभूमीही मऊ आणि ग्रेनही मऊ किंवा गायब, तर नंतर कोणीतरी गाळणी फिरवली आहे. एक अपवाद धरून चाला: मास्टर जर निगेटिव्हऐवजी तीन-चार पिढ्या पुढच्या प्रतीवरून केला असेल तर ग्रेन जाड आणि गढूळ होतो, कडाही मऊ पडतात. पण तो गायब होत नाही.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. जुन्या चित्रपटात एक दृश्य विरघळून दुसरं येतं ते, आणि चित्रावरची श्रेयनामावली, हे ऑप्टिकल प्रिंटरवर केलेलं असायचं. म्हणजे तेवढा तुकडा निगेटिव्हची नक्कल, एक-दोन पिढ्या पुढचा. साध्या शॉटमधून अशा शॉटवर जाताना ग्रेन एकदम जाड व्हायला हवा, कॉन्ट्रास्टही थोडा बदलतो, आणि पुढचा कट आला की चित्र पुन्हा स्वच्छ. डिस्कवर हा धक्का जाणवतच नसेल, सगळा चित्रपट एकाच पातळीवर गुळगुळीत असेल, तर सरसकट डीएनआर लागलाय. दृश्य विरघळायला लागण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-बारा फ्रेम पाहिल्या तरी पुरे.

दोन डिस्कच्या स्थिरचित्रांची तुलना करणार असाल तर लॉसलेस पीएनजी घ्या आणि तीच फ्रेम घ्या. एका बाजूला कीफ्रेम आणि दुसरीकडे बी-फ्रेम (मागच्यापुढच्या फ्रेमवरून अंदाजाने बांधलेली) आली तर चांगली डिस्कही वाईट दिसते. लागोपाठच्या चार-पाच फ्रेम काढून मगच मत बनवा.

सोळामिमी:

धागा थोडा वळवतो, विषय तोच आहे. सुपर १६ वर (१६ मिमी फिल्मवर) चित्रित केलेला ९५ मिनिटांचा चित्रपट, निगेटिव्हवरून ४के स्कॅन, २४ फ्रेम. २५ जीबीच्या ब्लू-रेवर जायचा आहे. निर्मात्याला 'स्वच्छ' चित्र हवंय, छायाचित्रणकाराला ग्रेन हवाय. रिझॉल्व्ह स्टुडिओ (ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर) आणि एक्स२६४ (एन्कोडर) उपलब्ध आहेत. किती डीएनआर करावा, कुठल्या टप्प्यावर, आणि एन्कोडरला काय सांगावं?

ग्रेडिंगकट्टा:

सुपर १६ ची फ्रेम १२.५ मिमी रुंद, ३५ मिमीच्या निम्मी. त्याच पडद्यावर ती दुप्पट ताणली जाते, म्हणून ग्रेन दुप्पट मोठा दिसणारच. तो पूर्ण घालवायला गेलात तर खाली ३५ मिमीचा तपशील सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच.

पहिली गोष्ट, निर्णय १०८० वर (ब्लू-रेच्या रिझोल्यूशनवर) घ्या. ४के स्कॅन २०० टक्के मोठा करून पाहत डीएनआर लावणं हे जास्त फिल्टर लागण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. १०८० ला आणताना चार पिक्सेलांचा एक होतो, त्यात ग्रेन आपोआप उतरतो (अगदी निम्मा नाही होत, सुपर १६ चा दाणा चार पिक्सेलांपेक्षा मोठा असतो). लहान करताना लँक्झोससारखा टोकदार फिल्टर टाळा, तो ग्रेनला कडा आणतो. जरा मऊ बायक्युबिक घ्या. एवढं करून निर्मात्याला प्रोजेक्शनवर दाखवा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

क्रम असा ठेवा: आधी गेट विव्ह (फ्रेमचं डुलणं) स्थिर करा, मग फ्लिकर (उजेडाची लुकलुक), मग धूळ-ओरखडे, आणि त्यानंतर डीएनआर. फ्लिकर शिल्लक असताना काळाच्या दिशेचा फिल्टर लावला तर उजेडातल्या फरकाला तो हालचाल समजतो आणि फ्रेम जुळवायचं सोडून देतो. धूळ काढणारी स्वयंचलित साधनंही डोळे झाकून चालवू नका. एका फ्रेमपुरतं दिसणारं काहीही त्यांना धूळ वाटतं: पाऊस, ठिणग्या, उडालेलं पाणी, जोरात फिरवलेल्या काठीचं टोक.

रिझॉल्व्हमध्ये टेंपोरल (काळाच्या दिशेच्या) भागात दोन्ही बाजूंना २ फ्रेम, मोशन एस्टिमेशन 'बेटर', रेंज मध्यम. लुमा (उजेड) आणि क्रोमाची (रंग) साखळी तोडा. क्रोमा लुमाच्या दुप्पट चालतो, कारण रंगाच्या ठिपक्यांतला ग्रेन घालवला तर डोळ्याला तपशील गेल्यासारखा वाटत नाही आणि चित्र झटकन 'स्वच्छ' वाटतं. तुमच्या निर्मात्याला हवंय ते बहुधा हेच. लुमा ५ पासून सुरू करा, १० च्या वर जाताना प्रत्येक पायरीला तपासा. स्पेशियल (स्थानिक) भागात लुमा शून्यच. क्रोमा लागलाच तर लहान त्रिज्येने.

तपासणी फरकावरून करा. कलर पेजवर हायलाइट चालू करून ए/बी फरक दाखवा, म्हणजे फिल्टरने नेमकं काय काढलं ते दिसतं. त्यात निव्वळ ग्रेनची रवाळ करडी चादर दिसली पाहिजे. नाकाची कड, केसांच्या बटा, शर्टाच्या चौकडीची रेघ ओळखू यायला लागली की तुम्ही चित्र काढताय. तिथून मागे फिरा. फरक फार अंधुक असतो, गेन वाढवून पाहा. हे एका शॉटवर करून भागत नाही: एक स्थिर चेहरा, एक जोरात पॅन होणारा शॉट, एक अंधारातला आणि एक गर्द झाडीचा, निदान एवढे तरी.

ऑप्टिकल किंवा वाढवलेले शॉट असतील तर त्यांना वेगळं, जास्त प्रमाण द्या, शेजारच्या शॉटशी ग्रेन जुळेपर्यंतच. असा निवडक डीएनआर मला पूर्ण मान्य आहे. सरसकट एकच आकडा सगळ्या रिळांना लावणं मान्य नाही.

ग्रेन फारच उतरला आणि आकाशात पट्टे दिसायला लागले तर थोडा नवा ग्रेन घाला. ब्लू-रे ८ बिटचीच आहे. सपाट उतरत्या रंगात पट्टे लपवायचं काम ग्रेनच करतो. शक्य असेल तर त्याच निगेटिव्हवर सपाट करडा कार्ड चित्रित करून स्कॅन करा आणि तोच ग्रेन वापरा. प्लगइनचा ग्रेन वापरणार असाल तर तिन्ही चॅनेलना वेगळा, मध्यम उजेडात जास्त, काळ्या-पांढऱ्या टोकांना कमी. तिन्ही चॅनेलना एकच करडा ग्रेन घातला की ते व्हिडिओ कॅमेऱ्याच्या नॉइजसारखं दिसतं. आणि फ्रेमचे काळे पट्टे ग्रेननंतर लावा. १.६६ चं (रुंदी भागिले उंची) चित्र १७९२ पिक्सेल रुंद बसेल, दोन्ही बाजूंना ६४ पिक्सेल काळं. त्या काळ्यात ग्रेन शिरला तर बिट वाया जातात आणि दिसतंही भयंकर.

बिटमोजणी:

हिशेब. २५ जीबी म्हणजे २०० अब्ज बिट. मेनू आणि इतर गोष्टींना २ जीबी सोडा, उरले १८४ अब्ज. ९५ मिनिटांचे ५७०० सेकंद, म्हणजे सगळं मिळून ३२ एमबीपीएस. त्यातून आवाजाला: लॉसलेस ५.१ ला ४, स्टिरिओ पीसीएमला दीड, वर पॅकिंगचा तोटा. चित्राला २५ एमबीपीएस सरासरी मिळते. सुपर १६ ला हे तंग आहे पण अशक्य नाही.

एक्स२६४ ला दोन पासमध्ये चालवा, ट्यून ग्रेन लावा. ते डीब्लॉकिंग (ब्लॉकच्या कडा मऊ करणं) उणे २ वर नेतं, अॅडॅप्टिव्ह क्वांटायझेशन ०.५ करतं, छोटे गुणांक कापून टाकणारं डेसिमेशन बंद करतं, आणि आय (कीफ्रेम) व पी-बी (अंदाजाने बांधलेल्या) फ्रेममधलं क्वांटायझरचं (किती बारकावा गाळायचा त्याच्या मापाचं) गुणोत्तर दोन्हीकडे १.१ वर आणतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं: गुणोत्तर कमी म्हणजे कीफ्रेम आणि बाकीच्या फ्रेम यांच्या दर्ज्यात तफावत कमी, म्हणजे दर सेकंदाचा दचका कमी. ब्लू-रे सुसंगतता चालू, लेव्हल ४.१, स्लाइस ४, कीफ्रेमचं अंतर २४, कमाल दर ४०,०००, बफर ३०,०००. २४ फ्रेम आहात ते बरं, २५ असते तर ब्लू-रेत १०८० प्रोग्रेसिव्हला जागा नाही, ५० आय (इंटरलेस्ड, अर्ध्या-अर्ध्या ओळींचं) म्हणून गुंडाळावं लागलं असतं.

ग्रेडिंगकट्टांशी एक मतभेद. २५ एमबीपीएसला मी लुमावरही किंचित जास्त डीएनआर घेईन. न गाळलेला ग्रेन एन्कोडरने चुरगाळलेला पाहण्यापेक्षा आपण शिस्तीत थोडा उतरवलेला बरा.

रिळवाला:

इथे थांबा. बिट कमी पडतात म्हणून मास्टर गाळायचा, हा उफराटा न्याय झाला. ५० जीबीची डिस्क घ्या, सरासरी ३५ वर जा, प्रश्न संपला. आणि गाळायचंच असेल तर ती प्रत फक्त डिस्कपुरती ठेवा, मूळ मास्टर फाइल न गाळलेली जपा. 'पॅटन'ची दुसरी डिस्क निघू शकली, कारण ६५ मिमीचं निगेटिव्ह शाबूत होतं. डिजिटल मास्टरच गाळून ठेवला आणि निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करायला पैसे नसले, तर पुढच्या वेळी परत जायला जागा राहत नाही.

बिटमोजणी:

मास्टर वेगळा ठेवा, यात वादच नाही. ५० जीबी परवडत असेल तर तेच करा. मी २५ ची अट धरून बोलत होतो.

सोळामिमी:

५० जीबीचं विचारून बघतो, बहुधा जमेल. क्रोमा-आधी पद्धत आणि १०८० वर दाखवणं, दोन्ही करतो. डिस्क छापायला देण्याआधी नेमकं कुठे पाहू?

ग्रेडिंगकट्टा:

फेड-इन, फेड-आउट आणि धूर-धुकं. तिथे एन्कोडर पहिल्यांदा कोलमडतो. मग कॅमेरा स्थिर असलेला सगळ्यात लांब शॉट घ्या आणि भिंतीवर नजर ठेवून तीस सेकंद बसा, सेकंदाचा दचका असेल तर तिथे कळेल. हे संगणकावर न करता डिस्क इमेजची एक प्रत जाळून साध्या प्लेअरवर करा, आणि त्या प्लेअरचं नॉइज रिडक्शन बंद आहे ना ते आधी बघा.